छत्तीसचे त्रेसष्ट

दुपारी झोप यावी म्हणून पुस्तक उघडलं, आणि चाळिसाव्या पानावर तिने त्याच्या गळ्याला खंजीर लावला. झालं, गेली झोप! गळ्याला खंजीर लागला म्हणजे दोघं आज ना उद्या एकमेकांच्या गळ्यात पडणार हे मला कळतं, लिहिणाऱ्याला कळतं, मुखपृष्ठ काढणाऱ्यालासुद्धा कळलेलं असतं. कळलेलं नसतं ते त्या दोघांनाच. आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंतची चारशे पानं मी दर वेळी इमानेइतबारे वाचते.

राज्य काल्पनिक, नकाशा काल्पनिक, ड्रॅगन तर काल्पनिकच. पण सामान ठरलेलं. त्याच्या बापाने तिच्या बापाला मारलेलं. तहाची अट म्हणून लग्न. वाटेत वादळ, वादळात सराई, सराईत एकच खोली आणि खोलीत एकच पलंग. (युरोपातल्या मध्ययुगीन सरायांमध्ये अनोळखी प्रवासीही एका पलंगावर दोघं-तिघं खुशाल झोपत. म्हणजे खऱ्या सराईत या दोघांच्या मधोमध एखादा लोकरीचा व्यापारी घोरत पडलेला असता. तो प्रसंग कुणीतरी लिहावा, मी वाट बघतेय.)

माझा खरा राग चिलखतावर. नायक जखमी होतो, शत्रूच त्याची जखम बांधणार असते, आणि 'त्याने चिलखत उतरवलं' या तीन शब्दांत काम उरकतं. अहो, पोलादी पत्र्यांचं ते वीसेक किलोंचं प्रकरण! पट्ट्यांनी आणि बकलांनी आवळलेलं, काही भाग आतल्या जाड बंडीला नाड्यांनी बांधलेले. मदतीला हाताखालचा पोऱ्या लागायचा. आता पोऱ्या पळालाय, नाड्या रक्ताने भिजून आखडल्यात, आणि खांद्यामागची गाठ सोडवायला नखं आहेत ती फक्त तिची. जिला पाठ दाखवायची नाही अशी शपथ घेतली, तिच्याकडेच पाठ करून बसायचं. ती कुरकुरत, दातांनी ओढत गाठ सैल करतेय. एवढा हाताशी आलेला प्रसंग सोडून लोक थेट चुंबनाकडे धाव घेतात.

तहातली लग्नं मात्र खरीच होत. १४१५ मध्ये अझांकूरला फ्रेंच सैन्याची धूळधाण उडवणाऱ्या इंग्लंडच्या राजाशी, पाचव्या हेन्रीशी, फ्रान्सच्या राजकन्येचं, कॅथरिनचं, १४२० मध्ये लग्न लागलं. दोन्ही देशांमधल्या त्र्वाच्या तहाला दोन आठवडेही झाले नव्हते. १४२२ मध्ये हेन्री गेला तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि पोर पुरतं नऊ महिन्यांचंही नव्हतं. तिला कुठली चारशे पानं!

या सगळ्या जोड्यांची आजी म्हणजे जुन्या प्रेमकथेतली आयर्लंडची राजकन्या इसोल्ड. गॉटफ्रीड या कवीने १२१० च्या सुमारास जर्मनमध्ये सांगितलेल्या गोष्टीत ट्रिस्टन नावाचा योद्धा तिच्या मामाला मारतो; तलवारीचा एक कपचा मामाच्या कवटीत राहतो आणि ती तो जपून ठेवते. पुढे हाच मारेकरी 'टॅन्ट्रिस' म्हणून त्यांच्याच घरात बरा होऊन जातो. दुसऱ्यांदा येतो तेव्हा तो न्हाणीत बसलेला असताना ती सहज त्याची तलवार बघते. धारेला खाच. ती कपचा आणून खाचेत बसवते. बसतो. मग नाव उलटं करून बघते: टॅन-ट्रिस, ट्रिस-टॅन. तलवार उचलून न्हाणीत शिरते, तो उघडा, निःशस्त्र. आणि मारत नाही. पुढे जहाजावर दोघांना प्रेमाचं पेय चुकून प्यायला लावलंय. ते मला कधी पटलं नाही. ज्या बाईने एवढ्या बारकाईने खाच जुळवून पाहिली, तिला कसलं पेय पाजताय?

आमच्या बाकावर कर्कटकाने ओढलेली रेघ होती. शेजारचा डावखुरा आणि माझ्या उजव्या हाताला बसलेला, त्यामुळे लिहायला लागलं की दोन्ही कोपरं सीमेवर. रेघेपलीकडे गेलेलं खोडरबर जप्त. त्याने किती वेळा हद्द ओलांडली याचा हिशेब मी वहीच्या शेवटच्या पानावर ठेवायचे, तोही ठेवत असणार. बाई म्हणायच्या, यांचा छत्तीसचा आकडा. मी वहीत ३६ लिहून पाहिले: खरंच, दोघं पाठ फिरवून बसलेले. उलटे केले तर ६३, समोरासमोर. पण त्रेसष्ट झाल्यावर माणसं तिरसट राहत नाहीत, हीच तर या पुस्तकांची खोड. शेवटच्या शंभर पानांत दोघं इतकी गुळमट होतात की मी चाळूनच संपवते.

एकदा तो सलग चार दिवस आला नाही. अख्खा बाक माझा. चारही दिवस मी रेघेच्या अलीकडेच बसले, कोपर आवरून.

पुढच्या वर्षी तुकड्या बदलल्या.