बांद्याहून पायी पंढरपूर: निघण्याआधी काय काय उरकावं

आळंदी-देहूच्या पालख्यांबरोबर चालणाऱ्यांना टँकर, फिरते दवाखाने आणि वाटेवरच्या गावांचा पाहुणचार मिळतो. सिंधुदुर्गात गोव्याच्या सीमेवरच्या बांद्याहून निघणाऱ्या वीस-पंचवीस जणांच्या दिंडीपाठी असतो एक टेम्पो, आणि त्यात आपण जे भरलं असेल ते. म्हणून कोकणातल्या दिंडीची खरी तयारी बांद्यातच पुरी व्हावी लागते. आंबोलीचा घाट चढल्यावर आजऱ्यापर्यंत मोठी बाजारपेठ नाही.

वाट साधारण अशी: बांदा, दाणोली, आंबोली, आजरा, गडहिंग्लज, तिथून कर्नाटकात संकेश्वर-चिकोडी, पुन्हा महाराष्ट्रात मिरज, मग कवठेमहांकाळ, सांगोला, पंढरपूर. अंतर सुमारे 300 किलोमीटर. रोज वीसेक किलोमीटर धरले तर पंधरा दिवस. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे आषाढी एकादशी 25 जुलैला पडते (2025 मध्ये ती 6 जुलैलाच होती). नवमीला, म्हणजे 23 तारखेला पंढरपुरात टेकायचं आणि एक दिवस पावसासाठी राखून ठेवायचा, तर बुधवारी 8 जुलैला बांदा सोडावं लागतं. या हिशेबाने दाणोलीचा मुक्काम उरकून घाट गुरुवारी चढायला मिळतो. दोन दिवस उशीर केलात तर घाट शनिवारी येईल. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी आंबोलीच्या धबधब्यापाशी गाड्यांची जी रांग लागते त्यातून दिंडी काढणं म्हणजे डोक्याला ताप.

तारीख उशिराची म्हणजे ऐन लावणीचे दिवस. तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढायचा राहिलेला असताना घरातली दोन माणसं पंधरा दिवस बाहेर, हे सगळ्यांना परवडत नाही. कोकणातले वारकरी कार्तिकीला जास्त दिसतात ते उगाच नाही. नावं घेताना हे स्पष्ट विचारून घ्यावं, नाहीतर निघायच्या आदल्या दिवशी पाच जण गळतात आणि शिध्याचा हिशेब फिसकटतो.

आता पाय. चालायचा सराव सहा आठवडे आधी सुरू करावा: आठवड्यातून चार दिवस पाच किलोमीटर, दर आठवड्याला दोन-तीन किलोमीटर वाढवत जायचं. निघण्याआधीच्या दहा दिवसांत एकदा लागोपाठ दोन दिवस 18 किलोमीटर, पाठीवर चार किलो घेऊन. दुसऱ्या दिवशीचं चालणं महत्त्वाचं, कारण एक दिवस कोणीही चालतो. सराव डांबरी रस्त्यावरच करा. आपले पाय पायवाटेला आणि कातळाला सरावलेले असतात, तिथे प्रत्येक पाऊल वेगळं पडतं. डांबरावर तोच सांधा त्याच कोनात हजारो वेळा आपटतो, आणि टाच-गुडघा तिसऱ्या दिवशी बोलू लागतो. बांद्याहून इन्सुली घाट चढून सावंतवाडीकडे जाणारा रस्ता सरावाला चांगला, चढ-उतार दोन्ही मिळतात.

पादत्राण नवं नको, निदान शंभर किलोमीटर वापरलेलं हवं. चामड्याची चप्पल पहिल्या दोन दिवसांत फुगते, अंगठा सैल होतो आणि बोटांच्या बेचक्यात सोलवटतं. जाळीदार कापडाचे धावायचे बूट नेहमीच्या मापाहून अर्धा नंबर मोठे घ्यावेत, कारण दुपारनंतर पाय सुजतो. मागे पट्टा असलेली सँडलही चालते, पाणी लगेच निथळतं. सुती मोजे मात्र घरीच ठेवा. सूत पाणी धरून ठेवतं, कातडी भिजून पांढरी आणि लिबलिबीत होते आणि अशी कातडी थोड्या घर्षणानेही उचलली जाते. पातळ सिंथेटिक मोजांचे तीन जोड पुरतात.

पहाटे कोरड्या पायाला, टाचेला आणि बोटांमध्ये व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा. पावडर दिवसा लावू नये, भिजली की तिचे गोळे होतात आणि तेच टोचतात. जिथे चुरचुरायला लागलं तिथे फोड येण्याची वाट न पाहता लगेच कागदी चिकटपट्टी लावायची. दर दोन तासांनी दहा मिनिटं बूट काढून पाय उघडे. रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या फडक्याने कोरड्या करून मग बुरशीवरची पावडर. हे टाळलं की चौथ्या-पाचव्या दिवशी बेचक्यांत चिखल्या (बुरशीने कुजलेली कातडी) होतात आणि चिखल्या झालेला माणूस टेम्पोत बसतो. लहान फोड फोडू नये. मोठा, ठणकणारा असेल तर उकळून घेतलेल्या सुईने कडेला टोचून पाणी काढावं, वरची कातडी तशीच ठेवावी, बेटाडीन लावून झाकावं. मधुमेह असणाऱ्याने स्वतः काहीही फोडू नये, आणि अनवाणी चालण्याचा नवस असेल तर घाटाचा विचार सोडूनच द्यावा. अशा माणसाला काच घुसलेली कळतसुद्धा नाही.

मांड्या काचतात, हे कोणी आधी सांगत नाही. ओला लेंगा किंवा धोतर दोन तासांत जांघ सोलून काढतं. आतून गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी आणि त्याखाली व्हॅसलीन, एवढ्याने भागतं.

लेप्टोचं, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून येणाऱ्या तापाचं, भय आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. पायाला जखम असेल तर शेतातल्या, डबक्यातल्या पाण्यात उतरू नये. डॉक्सीसायक्लीनच्या गोळ्या घ्यायच्या की नाहीत, किती घ्यायच्या, हे निघण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना विचारून ठरवा. त्या रिकाम्या पोटी घेतल्या तर मळमळतं, आणि पहाटे रिकाम्या पोटी औषधं घेण्याची आपली सवय जुनी. ताप, पोटऱ्यांत कळा आणि लाल डोळे एकत्र दिसले तर त्या माणसाने चालू नये, दवाखाना गाठावा.

पिशवीचा पेच असा की पहिले तीन दिवस पाण्यात आणि त्यानंतरचे बरेच दिवस जवळजवळ कोरडे. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर सांगोल्याची गणती दुष्काळी तालुक्यात होते. दोन्हीसाठी वेगळं सामान घेतलं की पिशवी दहा किलोची होते. कपडे तीनच जोड: दोन चालायचे, एक झोपायचा. झोपायचा जोड काहीही झालं तरी चालताना घालायचा नाही. आंबोलीत कपडे वाळत नाहीत, त्यामुळे सकाळी कालचेच ओले कपडे अंगावर चढवावे लागतात. अंगावर काटा येतो खरा, पण दहा मिनिटं चाललं की जाणवत नाही. याला कंटाळून ज्याने कोरडा जोड घातला तो रात्री कुडकुडतो. सगळं सामान खताच्या पोत्याच्या आतल्या प्लास्टिक पिशवीत, तोंड पिळून, दुमडून, दोरीने बांधलेलं. पोतं आधी तीन-चार पाण्यांनी धुऊन घ्या, युरियाचा वास धान्याला लागतो. वरच्या चैनीच्या रेनकव्हरवर विसंबू नका, पाणी पाठीच्या बाजूने आत जातं. रोज पाठीवर घ्यायची पिशवी चार किलोच्या आत: पाण्याची लिटरभर बाटली, रेनकोट, औषधं, टॉवेल, थोडा खाऊ, झिपच्या पाकिटात मोबाइल आणि आधारची प्रत. बाकीचं टेम्पोत.

घाटात वाऱ्यामुळे छत्री उलटी होते. शेतात वाकून काम करायला इरलं (डोक्या-पाठीवरून घ्यायचं पानांचं आच्छादन) सोन्यासारखं, पण मागून येणाऱ्या गाडीचा आवाज त्यात दबतो. गुडघ्याखाली येणारा रेनकोट बरा, आणि त्यावर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट. ते पंचवीसही जणांना पाहिजे, फक्त पुढच्या-मागच्याला नको. 31 ऑक्टोबर 2022 ला सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ संध्याकाळच्या वेळी करवीर तालुक्यातल्या जठारवाडीच्या दिंडीत मागून मोटार घुसली आणि सात वारकरी गेले. तेव्हापासून तरी अंधारात चालायचं नाही हा नियम सगळ्यांनी पाळायला हवा होता. सूर्यास्ताआधी मुक्काम, दोन-दोनची रांग आणि टेम्पो शेवटच्या माणसाच्या मागे, चारही दिवे लुकलुकत. घाटाच्या दिवशी एरवीसारखं पहाटे चारला निघायचं नाही. धुक्यात दहा हात पलीकडचं दिसत नाही, चांगलं उजाडू द्यावं. दाणोलीला साटम महाराजांच्या समाधीचं दर्शन घेऊन साडेसहाला निघालं तरी सुमारे 15 किलोमीटरचा आणि सहाशेक मीटरचा चढ दुपारपर्यंत सहज होतो. आदल्या रात्री दरड कोसळली आहे का, एवढं विचारून घ्या. राखून ठेवलेला दिवस त्यासाठीच.

योगिनी एकादशी निघाल्यावर दोन-तीन दिवसांतच येते, नेमकी घाटाच्या आगेमागे. साबुदाण्याची तेलकट खिचडी खाऊन चालणं जड जातं आणि तहान तहान होते. वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, केळी आणि राजगिऱ्याचे लाडू हलके. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्या दिवशी गोळी आणि उपवास यांचा मेळ डॉक्टरांना विचारून घालावा, चढावर साखर उतरून चक्कर येते. पावसात तहान लागत नाही म्हणून माणसं पाणी पीत नाहीत, आणि संध्याकाळी पायात गोळे येतात. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं, पेल्यात अर्धं नव्हे. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. धबधब्याचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी ते पिऊ नये.

शिधा: पंचवीस माणसांना एका वेळच्या भाताला पावणेचार किलो तांदूळ, माणशी 150 ग्रॅम. सकाळच्या पेजेला दीड किलो उकडा तांदूळ. उकड्याला गॅस जास्त लागतो, म्हणून दोन्ही वेळचा भात उकड्याचा करायचा हट्ट सोडा. रात्री कुळथाची पिठी आणि भात, सोबत आमसुलाचं सार. चण्याचं पीठ, वाटाणे टाळलेले बरे, दुसऱ्या दिवशी रांगेत चालणाऱ्यांना कारण सांगावं लागणार नाही. एका सिलिंडरवर पंधरा दिवस निघतील असं धरू नका. जुलैत तेरेखोल नदीचं पाणी बांद्याच्या बाजारपेठेत शिरतं, तेव्हा आधी आणलेला शिधा कोणाच्या दुकानात न ठेवता उंचावरच्या घरात ठेवा. गोव्यातल्या पेडण्याकडची मंडळी टेम्पो भरूनच आणतात. सीमेवर गोव्याकडून येणारी गाडी तपासणीला थांबली की बांधलेलं सगळं पुन्हा उपसावं लागतं. टेम्पो बांद्यातच भरावा.

मुक्कामाची पत्रं जूनमध्येच द्या. जुलैत शाळा सुरू असतात, त्यामुळे वर्ग संध्याकाळी पाचनंतर मिळतो आणि सकाळी मुलं येण्याआधी झाडून परत द्यावा लागतो. पंचवीस जणांना खाली अंथरायला 18 बाय 24 फुटांची एक ताडपत्री पुरते, पण गळक्या छपरासाठी दुसरी तेवढीच हवी. बायकांसाठी वेगळी खोली आणि संडास कुठे आहे हे पत्रातच विचारावं, तिथे पोचल्यावर नव्हे. सगळ्यांची नावं, रक्तगट, चालू औषधं आणि घरचा नंबर अशा यादीच्या तीन प्रती: एक विणेकऱ्याकडे, एक टेम्पोत, एक बांद्याच्या पोलीस ठाण्यात.

आणि पखवाज. सामानातलं सगळ्यात नाजूक हेच, आणि टेम्पोत तो नेहमी चुकीच्या जागी जातो. दमट हवेत कातडं सैल पडतं, आवाज बसतो. मग कोणीतरी गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून सूर चढवतो, आणि आजऱ्यापुढे हवा कोरडी झाली की तेच ताणलेलं पान तडकतं. म्हणून आंबोलीत सूर थोडा उतरलेलाच राहू द्यावा. चुलीजवळ धरून तापवायचा तर हातभर अंतरावरून, फिरवत, शाईच्या (उजव्या तोंडावरच्या काळ्या लेपाच्या) बाजूला धग न लागू देता. शाई एकदा उकलली की वाटेत कोणी भरून देत नाही. डाव्या तोंडाला लावलेली कणीक भजन संपल्यावर लगेच खरवडून काढावी. ओली राहिली तर रात्रीत आंबते, बुरशी धरते आणि उंदरांना बोलावते. कोरड्या सुती कापडात गुंडाळून, वर दोन प्लास्टिक, आणि टेम्पोत तांदळाच्या पोत्यांवर आडवा. वादीचा (पखवाज ताणणाऱ्या चामडी पट्टीचा) एक जादा वेढा आणि टाळांच्या दोऱ्या जास्तीच्या घ्याव्यात. विणेच्या तारा गंजतात, त्यांना रोज रात्री कोरडं फडकं फिरवावं. तुळस डोक्यावर घेणारीसाठी जाड सुती चुंबळ दोन हव्यात, एक भिजलेली असते.

परतीचंही निघण्याआधीच ठरवा, कारण एकादशीनंतर पंढरपूरच्या स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते. टेम्पोत सामान चढतं, माणसं चढवू नयेत. चाळीसच्या आसपास माणसं जमत असतील तर सावंतवाडी आगारात एसटीच्या पूर्ण गाडीचं विचारा. बायकांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आहे, त्यासाठी मूळ आधार कार्ड त्या-त्या माणसाजवळ असू द्या, टेम्पोतल्या पेटीत नको.