खोवा नाई म्हणायचे होते

उजान बजार, गुवाहाटी. माघ बिहू, रात्र.

सकाळची गोष्ट दिवसभर मनातून गेलेली नाही. माही, म्हणजे खालच्या मावशी, जिना चढून वर आल्या तेव्हा त्यांच्या हातात झाकलेली थाळी होती, आणि दारातूनच त्यांनी विचारले, "तिल पिठा खाइसाने?" तिळाचा पिठा, म्हणजे तांदळाच्या पिठात तीळ-गूळ भरून केलेला पदार्थ, खाल्लास का, हा प्रश्न मला पूर्ण कळला होता. यंदा तिळाचा पिठा अजून माझ्या तोंडी लागलेला नाही, एवढेच सांगायचे होते, आणि त्यासाठी "खोवा नाई" हे दोन शब्द पुरेसे होते. मी म्हटले, "नाखाओं." म्हणजे मी खात नाही, खाणार नाही, असाही त्याचा अर्थ ऐकणाऱ्याने घ्यावा. त्या क्षणभर थांबल्या, "ठिक आसे, ठिक आसे" म्हणाल्या आणि थाळी घेऊन खाली गेल्या. आज आपल्याकडे संक्रांत. तीळ आणि गूळ घेऊन कोणी दारात आले आणि मी त्यांना खात नाही म्हणून सांगितले.

हे झाले कसे, ते मला शोधायचे आहे. गेले दोन आठवडे मी असमिया भाषेतला नकार घोकत होते. आपण क्रियापद आधी उच्चारतो आणि "नाही" शेवटी जोडतो. "मी खात" एवढे बोलून झाल्यावरही मन बदलायला जागा उरते. असमियात नकाराचा न क्रियापदाच्या पुढ्यात चिकटतो, त्यामुळे तोंड उघडण्यापूर्वीच नकार ठरलेला असावा लागतो. शिवाय त्या न ला स्वतःचा स्वर नाही, तो पाठोपाठ येणाऱ्या क्रियापदाचा स्वर घेतो: लिखेचे निलिखे, देखेचे नेदेखे, शुनेचे नुशुने, जानेचे नाजाने, करेचे नकरे. क्रियापदच स्वराने सुरू होत असेल तर न सरळ त्यात मिसळतो, आहेचे नाहे आणि उठेचे नुठे होते. (इथले आहे म्हणजे येतो, पहिल्या महिन्यात या एका शब्दाने मला फार फिरवले.) पारोंचे (मला जमते) मात्र नोवारों होते, तिथे प सुद्धा जागेवर राहत नाही.

हे सारे मला फार आवडले होते, हे मान्य केले पाहिजे. नकाराने पुढच्या शब्दाचा सूर आधी ऐकावा आणि मग त्याच सुरात नाही म्हणावे, ही रीत पाहून मला आपली जुनी मराठी आठवली. नेणे, नेदी, नेघे, नुरे, नुमजे ही संतांच्या ओव्याअभंगांतली रूपे शाळेत अर्थ पाठ करण्यापुरतीच वाचली होती, आणि इथे भाजीवाला रोज त्याच घडणीचे शब्द बोलतो. पिशवी हवी का असे त्याने विचारले की मी "नालागे" म्हणते, आणि प्रत्येक वेळी मला तुकोबांचे "न लगे मुक्ति" ऐकू येते. आपल्या बोलण्यात आता नये, नव्हे, नको अशी थोडीच रूपे उरली. बाकी सगळा भार एकट्या "नाही"वर पडला.

म्हणूनच सकाळची चूक जास्त लागते. आतापर्यंत न घडलेल्या गोष्टीसाठी असमिया वेगळी वाट धरते: क्रियापदाचे रूप आधी आणि "नाई" शेवटी, अगदी आपल्यासारखे. तेही इतके सोपे की मइ खोवा नाई, तुमि खोवा नाई, तेओं खोवा नाई. माणूस बदलला तरी नाई बदलत नाही, आपल्या नाहीस-नाहीतएवढाही त्रास नाही. मराठीच्या सवयीने बोलले असते तरी बरोबर आले असते. पण नवे शिकलेले रूप जिभेवर तयार होते, ते वापरून दाखवायचे होते, आणि तेच पुढे आले. सवयीने घात केला असता तर मी स्वतःला इतका दोष दिला नसता.

दुपारी खिडकीशी बसले होते. नदीवर धुके होते आणि खालून तीळ भाजल्याचा वास येत होता. सात महिने झाले, आणि अजून मला माणसांशी नीट नाही म्हणता येत नाही, मग हो तरी कसे म्हणता येणार, असे वाटून बराच वेळ काही केले नाही. पूजेच्या दिवसांत माहींनी विचारले होते, "घरत आरु कोन आसे?" तेव्हा मी "कोनो नाई" म्हटले होते. ते व्याकरणाने बरोबर होते. त्याविषयी आज लिहायचे नाही.

संध्याकाळी दिवा लावल्यावर मात्र जरा वेगळे वाटू लागले. माहींनी माझे बोलणे जसेच्या तसे ऐकले आणि मानले; मुलगी परकी आहे, काहीतरी चुकीचे बोलत असेल, असे समजून त्यांनी थाळी बळेच पुढे केली नाही. सात महिन्यांपूर्वी त्यांनी तशीच केली असती, केलीही होती. माझ्या वाक्याला आता वाक्य म्हणून किंमत आहे, तर त्याची चूकही माझ्या नावावर लागणार, आणि हे मला चालण्यासारखे आहे. त्यांना वाईट वाटले असेल, ही रुखरुख तेवढी तशीच आहे.

उद्या खाली जाऊन सांगायचे ठरवले आहे. पण आता ती कालची गोष्ट होईल, म्हणजे नाई चालणार नाही, "खोवा नासिलों", खाल्ला नव्हता, असे म्हणावे लागेल, आणि हे नासिलों पुन्हा माणसागणिक बदलते. आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिले. दोनदा नीट आले. वहिनीने पाठवलेला तिळगुळाचा डबा कपाटातून काढून ओट्यावर ठेवला आहे. तो त्यांच्या हातात देताना "खाओक", खा, एवढेच म्हणायचे आहे, आणि ते मला येते.