गळ खडकात अडकला तेव्हा : किनाऱ्यावरून गरवण्याचा माझा अनुभव

किनाऱ्यावरून गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, शिकवणारा प्रत्येक जण फेक कशी मारायची तेवढं मन लावून सांगतो. फेकलेलं शिसं (दोरीला लावलेलं शिशाचं वजन) खडकात जाऊन बसलं तर काय करायचं, हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. ती संध्याकाळ आठवली की अजूनही चीड येते, म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय.

तयारी, आमिष, रीळ वगैरे सगळं सुरळीत पार पडलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. वेळ मात्र नीट निवडली होती. दुपारी पूर्ण ओहोटी होती आणि दिवस मावळता मावळता भरती चढणार होती. ओहोटीला जाऊन मी खडप, म्हणजे किनाऱ्यावरचा खडकाळ भाग, उघडं पाहून घेतलं होतं. खाचा कुठे, वाळूचा पट्टा कुठे, शेवाळ कुठे, याचे मोबाईलवर फोटोही काढले होते. हे प्रत्येकाने करावं. भरतीत तोच किनारा ओळखू येत नाही.

पहिल्या फेका वाळूच्या पट्ट्यात पडल्या. मग लाटांना आडवी ओढ लागली आणि शिसं हळूहळू सरकत शेजारच्या खाचेत गेलं. रॉडचं टोक वाकलं, मला वाटलं मासाच. पण मासा धरला की टोक थरथरतं, झटके देतं. खडक ढिम्म असतो. ओढलं की वाकायचं, सोडलं की परत तिथेच.

मासे जवळ यायची वेळ नेमकी हीच. उजेड उतरला की लहान मासे उथळ पाण्यात येतात आणि त्यांच्या मागे मोठे. तो संधिप्रकाश फार वेळ टिकत नाही, आणि माझा गळ खडकाने धरून ठेवला होता! शेजारी उभा असलेला एक जण सारखा सांगत होता, "जोरात ओढ, सुटेल." हा सल्ला मी इतक्या किनाऱ्यांवर ऐकलाय की आता ऐकवत नाही. जोरात ओढलं की शिसं खाचेत आणखी घट्ट बसतं. रॉड उभा धरून हिसके दिले तर रॉड मोडतो. आणि तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) ताणला जातो, ही तर सगळ्यात वाईट गोष्ट. ताणलेला तंगूस अचानक सुटला तर शिसं गोफणीतल्या दगडासारखं सरळ तोंडावर येतं. डोळा जाऊ शकतो.

पलीकडे एक वयस्कर काका गरवत होते. ते काही वेळ नुसते बघत होते, मग म्हणाले, "अरे, ओढू नकोस. दोरी सैल सोड आणि लाटेला काम करू दे." मी दोन-तीन हात दोरी सोडली. लाट परत फिरताना सैल दोरीला उलट्या बाजूने ओढते आणि कधीकधी शिसं ज्या वाटेने आत गेलं त्याच वाटेने बाहेर येतं. माझं आलं नाही. मग काका म्हणाले, "आता बाजूला चाल, कोन बदल." खडकावरून डावीकडे चालत गेलो, पुन्हा हलकेच ताण दिला. नाही. परत उजवीकडे. नाही. तिसरा उपाय त्यांनी स्वतः करून दाखवला. रॉड खाली, दोरी ताठ, हाताला जाड फडकं. रिळाजवळची दोरी चिमटीत धरून धनुष्याच्या दोरीसारखी खेचायची आणि एकदम सोडायची. तो धक्का दोरीतून शिशापर्यंत जातो. चौथ्या-पाचव्या धक्क्याला मला वाटलं सुटलं. थोडं हललं आणि परत बसलं.

एव्हाना आकाश जांभळं झालं होतं आणि माझा संयम संपत आला होता. शेवटी तोडायचं ठरवलं. तोडण्याचीही पद्धत आहे. रॉडने तोडायचं नाही आणि दोरी उघड्या हाताला तर कधीच गुंडाळायची नाही. विणलेली ब्रेडेड लाईन असेल तर ती कातडी कापत आत जाते. लाकडाच्या दांडक्याला दोरीचे वेढे द्यायचे, पाण्याकडे पाठ करायची, मागे कुणी उभं नाही ना बघायचं, आणि न हिसकता सावकाश चालत राहायचं. तट्‌कन आवाज आला. शिसं गेलं, गळ गेला, आणि लांबलचक तंगूसही समुद्रात राहिला. मला शिशापेक्षा त्या तंगूसाचं वाईट वाटलं. तो कुजत नाही, वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि पक्षी, कासवं त्यात अडकतात. हाती आला तेवढा गोळा करून पिशवीत भरला.

मग काकांनी त्यांची गळ-शिशाची जोडणी दाखवली. ती बघून वाटलं, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. शिसं ते मुख्य दोरीला थेट बांधत नाहीत, मध्ये कमजोर तंगूसाचा वीतभर तुकडा असतो. मुख्य दोरी 30 पौंडांची (म्हणजे तेवढा ताण सोसणारी) असेल तर हा तुकडा 10-12 पौंडांचा. अडकलंच तर तेवढाच तुटतो. गळ आणि त्याला लागलेला मासा दोन्ही परत येतात. एक काळजी मात्र घ्यावीच लागते. फेकताना सगळा भार त्या कमजोर तुकड्यावर आला तर तो हवेतच तुटेल आणि शिसं कुणाच्याही अंगावर जाईल. म्हणून फेकताना शिसं तारेच्या आकड्याने, मुख्य दोरीच्या पुढे बांधलेल्या मजबूत दोरीला अडकवलेलं असतं आणि पाण्यावर आपटलं की आकड्यातून सुटतं. मजबूत दोरीचा हिशोबही सोपा आहे : शिशाच्या 1 औंसाला 10 पौंड, म्हणजे 4 औंस फेकायचं तर पुढची दोरी 40 पौंडांची.

आणि हो, तारांचे पाय असलेलं शिसं वाळूत घट्ट धरतं म्हणून लोक कौतुकाने घेतात. खडपात ते नेऊ नका, तारा खाचेत अडकतात.

नवी जोडणी बांधताना गाठ थुंकीने ओली करून आवळली. कोरडी आवळली की घर्षणाने तंगूस तापतो आणि तिथेच कमकुवत होतो. शेवटच्या उजेडात फेक मारली आणि थोड्याच वेळात टोक थरथरलं. शिंगाळा होता, हातभरही नाही. पण त्या संध्याकाळी तो वर आला तेव्हा मला जो आनंद झाला, तो मोठ्या माशानेही झाला नसता. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक काटा असतो. तो विषारी असू शकतो, तेव्हा हाताने न धरता पक्कडीनेच गळ काढा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवला की वेदना उतरते, मग डॉक्टरांकडे जा.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. भरती सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी चढतं. मी गळाशी झटापट करत होतो तेव्हा माझ्या मागची परतीची वाट भरत आली होती, ती काकांनीच दाखवली. गळ अडकला की माणसाचं सगळं लक्ष पुढे असतं, म्हणून दर थोड्या वेळाने मागे वळून बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर जास्तच.

घरी आल्यावर दोरीचे शेवटचे काही हात दोन बोटांतून फिरवून बघा. खडकाला घासलेली जागा खरखरीत लागते. तिथून पुढचा तुकडा कापून टाका आणि गाठ नव्याने बांधा.