राउटर अपडेट: सीपीयू नक्की खातंय कोण?

शाहू स्टेडियमवरची मॅच लाइव्ह बघताना ऐन कॉर्नर किकला चित्र अडकलं. घरच्यांनी लाइनवाल्याला शिव्या घातल्या. मी वायरवरून राउटरलाच पिंग (उत्तर किती वेळात येतं ते मोजणारा छोटा संदेश) टाकला, तर उत्तर यायला दोनशे मिलिसेकंद! म्हणजे दुखणं घरातच.

मशीन जुनंच: सिंगल कोअर, ७२० मेगाहर्ट्झ, १२८ एमबी रॅम, वर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची लिनक्स सिस्टिम. त्यावर हौसेनं चढवलेले प्रोग्रॅम: कलेक्टडी (आकडे गोळा करणारा), आरआरडीटूल (ते साठवून ग्राफ काढणारा), एनएलबीडब्ल्यूमॉन (कोण किती डेटा वापरतं ते मोजणारा) आणि एसएनएमपीडी (नेटवर्कवरून कुणी विचारलं की राउटरचे आकडे सांगणारा). माळ्यावरचा रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर दर दहा सेकंदांनी त्याला आकडे विचारतो. आपला नादच तसला.

एसएसएचनं (दुरून कमांड द्यायची सोय) राउटरच्या आत जाऊन टॉप लावला, म्हणजे कोण किती सीपीयू खातंय ते दाखवणारी कमांड. त्याआधी लुसीचं, म्हणजे ब्राउझरमधल्या राउटर सेटिंग्जचं, पान बंद केलं; ते दर पाच सेकंदांनी आपलं आपण रिफ्रेश होतं आणि मापात भर घालतं. लोड (सरासरी किती कामं चालू किंवा ताटकळत आहेत तो आकडा) २.८. एकाच कोअरवर तो १ च्या वर टिकला की कामं रांगेत उभी आहेत असं धरा. पण खरी गंमत वरच्या सीपीयूच्या ओळीत. पॅकेट इकडून तिकडे हलवण्याचा खर्च मुख्यतः एसआयआरक्यूमध्ये (सॉफ्टवेअर इंटरप्टचा वेळ) दिसतो, प्रोग्रॅमचा यूएसआर (प्रोग्रॅमचा स्वतःचा वेळ) आणि एसवायएसमध्ये (त्याच्यासाठी कर्नलनं घालवलेला). माझ्याकडे एसआयआरक्यू जेमतेम १५ टक्के, बाकीचे दोन मिळून ८०. ट्रॅफिक बिचारं निर्दोष.

मग एकेक सर्व्हिस थांबवत गेलो. एनएलबीडब्ल्यूमॉननं ढिम्म फरक नाही, कलेक्टडीनं थोडा. एसएनएमपीडी थांबवल्याबरोबर सीपीयू धाडकन खाली!

पाय नेमकं काय विचारतोय ते बघितलं तर त्याचं टेम्पलेट (काय काय विचारायचं त्याची तयार यादी) एसएनएमपीडीकडच्या आकड्यांचं सगळं झाड एकेक करून वाचत होतं, प्रोसेसची यादी आणि टीसीपी कनेक्शन्ससकट. ही टेबलं विचारल्यावर प्रॉकमधून (कर्नलची माहिती फाइलींसारखी दाखवणारा फोल्डर) गोळा करावी लागतात. उत्तराला उशीर झाला की टाइमआउट, की तोच प्रश्न परत, तोवर पुढची फेरी दारात. कामातूनच काम वाढत होतं.

आता एसएनएमपीडीत व्ह्यू (कुठला भाग दाखवायचा त्याची मर्यादा) लावून फक्त सिस्टिम आणि इंटरफेसची टेबलं उघडी ठेवलीत, म्हणजे त्या झाडातल्या १.३.६.१.२.१ या पत्त्याखालच्या १, २ आणि ३१ या फांद्या. फेरी एका मिनिटावर नेली. पाच मिनिटं करायचा मोह होतो, पण बाइट मोजणारा ३२ बिटी काउंटर भरल्या १०० एमबीपीएसला पावणेसहा मिनिटांत फिरून शून्यावर येतो. माझ्या २०० च्या लाइनवर तीन मिनिटांच्या आतच. मग ग्राफ बिनधास्त खोटं बोलतो. म्हणून ६४ बिटी आयएफएचसीइनऑक्टेट्स (आत आलेले बाइट मोजणारा काउंटर) घ्या, तेही एसएनएमपीच्या व्ही२सी आवृत्तीवरून. व्ही१ मध्ये ६४ बिटी काउंटर येतच नाही. आरआरडीटूल राउटरवरून काढून ग्राफचं काम पायकडे दिलं. एवढ्याशा सीपीयूवर चित्रं काढणं मला तरी पटत नाही.

आयडल (सीपीयूचा रिकामा वेळ) आता ८० टक्क्यांच्या वर, पिंग एक मिलिसेकंदाच्या आत. एसक्यूएम (लाइन भरली तरी उशीर वाढू नये म्हणून पॅकेटची रांग सांभाळणारी सोय) चालू केलं की मात्र एसआयआरक्यू परत चढतं, आणि ते खरंखुरं पॅकेटचं काम आहे. एवढ्याच ताकदीच्या राउटरवर कुणी केक (एसक्यूएममधली रांग लावायची एक पद्धत) चालवत असेल तर वेगाचा कॅप किती एमबीपीएसला लावलाय ते सांगा भावांनो.