खिडकीसमोरची भिंत

खिडकीबाहेर भिंत असली की घर दाखवणारा दलाल आधीच पडदा ओढून ठेवतो. खिडकीतून काहीतरी दिसायला हवं, यावर आपलं सगळ्यांचं एकमत आहे. पर्वती दिसत असेल तर चौरस फुटाचा भाव निराळा, खाडीचा तुकडा दिसला तर त्याहून निराळा. अगदीच काही नसेल तर समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी तरी. आणि इथे चीनमध्ये, सूचौच्या एका जुन्या बागेत, ऐन दुपारी मी अशा खोलीत उभी होते की जिच्या मागच्या खिडक्यांबाहेर हाताच्या अंतरावर भिंत होती. चुन्याची, पांढरी, मुद्दाम ठेवलेली. तिच्यापुढे चार बांबू आणि एक दगड. खिडकीला कोरीव लाकडी चौकट मात्र अशी की कुणी आजोबांच्या फोटोलाही करणार नाही.

बरोबर मावशी होती. मावसभाऊ शांघायला नोकरीला आहे, त्याने सकाळी आम्हा दोघींना बुलेट ट्रेनमध्ये बसवून दिलं होतं. अर्ध्या तासात सूचौ. मावशीची इरकल साडी आणि पायात मुलाचे स्पोर्ट शूज. भाड्याचे रेशमी झगे घालून फोटो काढायला आलेल्या चिनी मुली आपले फोटो सोडून तिच्याबरोबर उभ्या राहत होत्या. मावशीचं लक्ष तिकडे नव्हतं. ती आल्यापासून एकच विचारत होती, “फुलं कुठायत?”

तिचंही बरोबर होतं. बाग म्हटलं की आपल्याला जास्वंद हवी, मोगरा हवा, निदान देवाला चार तगरी तरी. इथे पाणी, दगड, भिंती आणि नागमोडी पडव्या. फुलांचा नुसता वास येत होता, पिकल्या जर्दाळूचा असावा तसा. मावशी त्या वासामागे नाक वर करून फिरली आणि शेवटी तिला ते झाड सापडलं. पानांच्या बेचक्यात बाजरीच्या दाण्याएवढी पिवळी फुलं. ऑक्टोबरात सूचौभर हाच वास असतो, ऑस्मँथस म्हणतात त्याला. तोडायची बंदी असणार, म्हणून तिने खाली पडलेली वेचून रुमालात बांधली.

ही बाग वांगशी युआन. सूचौच्या नावाजलेल्या बागांमधली एक लहानशी, घर धरून जेमतेम अर्धा हेक्टर. मूळ बाग बाराव्या शतकातली, आता दिसते ती अठराव्या शतकात पुन्हा उभारलेली. पण जेमतेम आहे हे आत असताना कळतच नाही, कारण सगळी बाग एकदम कुठूनच दिसत नाही. आपल्याला सवय ‘पॉइंट’ची. महाबळेश्वरला गेलं की कठड्याशी उभं राहायचं, दरी एका नजरेत घ्यायची, कणीस खायचं आणि पुढचा पॉइंट. इथे भिंत आडवी येते, भिंतीत गोल दार, दारातून तळ्याचा कोपरा, तिकडे जावं तर वाट भलतीकडे वळते. तळ्याच्या कडेला एक दगडी कमानीचा पूल आहे, तो तीन पावलांत संपतो. मावशीने तो परत येऊन ओलांडला, कारण पहिल्या वेळी पूल होऊन गेल्याचं तिला कळलंच नव्हतं.

तर ती खिडकी. मावशी मागून येऊन उभी राहिली, चौकटीतून पाहिलं आणि म्हणाली, “अगं, ही ताईची भिंत.”

ताई म्हणजे माझी आई. गिरगावात आमच्या चाळीतल्या स्वयंपाकघराला एकच खिडकी, तिच्या गजांपलीकडे घरगल्ली आणि घरगल्लीपलीकडे शेजारच्या चाळीची भिंत. तिच्यावरून एक बिडाचा पाइप उतरायचा आणि त्याच्या सांध्यात पिंपळ उगवला होता. दरवर्षी मालकाचा माणूस येऊन तो तोडायचा आणि पावसाळा लागला की पुन्हा दोन पानं, तांबूस, इतकी पातळ की मागचा पाइप दिसावा. आई ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटता लाटता बातमी द्यायची, “तिसरं आलं बरं का.” त्या भिंतीवर सकाळी थोडा वेळच ऊन यायचं. ऊन पाइपावर आलं की भात लावायचा, हे आमच्या घरातलं घड्याळ. पावसाळ्यात ते बंद पडायचं आणि मी कच्च्या भाताचा डबा घेऊन शाळेत जायचे.

“ताईला कोण बांबू लावून देणार होतं,” मावशी म्हणाली आणि रुमालातली फुलं हुंगत पुढे गेली. मी तिथेच रेंगाळले. ‘गार्डन फेसिंग’ फ्लॅटच्या जाहिराती मला नेहमी भावाच्या आकड्यासकट आठवतात, आणि हे तर खऱ्या गार्डनच्या आत बसून ‘वॉल फेसिंग’! बरं, या खोलीचं अंगण इतकं मोलाचं ठरलं की न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने त्याच्या धर्तीवर आपलं अंगण करवून घेतलं. सूचौहून 27 कारागीर तिकडे गेले आणि 1981 मध्ये ते खुलं झालं. तिथे वर आकाशाच्या जागी काच आहे म्हणे. म्हणजे भिंतीबरोबर छतही.

पांढरी भिंत हा कागद समजावा आणि दगडांनी त्यावर चित्र काढावं, असं सतराव्या शतकातल्या जी चेंग या बागा आखणाऱ्या माणसाने लिहून ठेवलंय. हे लोकांनी किती मनावर घ्यावं? लूव्रचा काचेचा पिरॅमिड उभारणारे आय. एम. पेई यांचं घराणं सूचौचंच. म्हातारपणी त्यांनी गावासाठी म्युझियम बांधलं, 2006 मध्ये ते उघडलं. त्याच्या अंगणात पाण्यापलीकडे पांढरी भिंत आणि तिच्यापुढे चिरलेल्या दगडांची डोंगररांग. भिंतीच्या मागे सूचौची सगळ्यात मोठी बाग, च्वोचंग युआन. तिथे भिंतीचा नियम उलटा. दीडेक किलोमीटरवरचा देवळाचा मनोरा तळ्याच्या टोकाला असा दिसतो की तोही मालकाचाच वाटावा. फुकटात पर्वती व्ह्यू!

पेईंची लहानपणची सुट्टी ज्या बागेत जायची ती शित्झलिन. 1342 मध्ये एका बौद्ध मठाची म्हणून घडलेली, पुढे पेई घराण्याकडे आलेली. ती नुसती दगडांची आहे. ताइहू तळ्यातला हा चुनखडीचा दगड पाण्याने खाऊन खाऊन भोकाभोकांचा झालेला असतो. दगड बारकुडा हवा, सुरकुतलेला हवा, पाणी झिरपावं असा हवा आणि आरपार दिसावं असा हवा, अशी त्याची चिनी परीक्षा. मावशीने तो बोटाने चाचपला आणि “जाळी बरी पडलीय घावनाला,” म्हणाली. दगडांच्या आतून वाटा आहेत. मावशी एका भोकात शिरली, वरच्या भोकातून मला हात केला, मी वर गेले तर ती खाली पाण्याशी. तिथून तिने “भोज्ज्या!” अशी आरोळी दिली. आसपासची दहा-बारा चिनी पोरं तिला सामील झाली. भाषेची कुणालाच अडचण आली नाही.

परतीच्या गाडीत मी तिला ह्वीझोंग सम्राटाची गोष्ट सांगितली. बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा राजा, चित्रं काढायचा, अक्षर सुरेख, आणि या दगडांचं वेड. राजधानी खायफंगला त्याला दगडांचा डोंगर हवा होता. मग सूचौकडून तांडेच्या तांडे नावा निघाल्या. दगड मोठा आणि पूल आडवा आला तर पूल पाडायचे. कुणाच्या अंगणात चांगला दगड दिसला की तो सरकारजमा. लोक उठले, बंड झालं, तरी 1122 मध्ये डोंगर पुरा झाला. चार-पाच वर्षांत उत्तरेकडून जुर्चेन लोकांचं सैन्य चालून आलं. राजधानीला वेढा पडला, हिवाळा होता. बागेतले वाडे मोडून सरपण केलं. बागेतली हरणं मारून सैनिकांना खायला घातली. ते दगड फोडून गोफणयंत्रांतून शत्रूवर फेकले. तरी 1127 मध्ये शहर पडलं, आणि राजा कैदेत नेला तो तिकडेच वारला.

मावशीने चिवड्याची पुडी सोडली. बराच वेळ चावत राहिली.

“आधी तटालाच लावायचे होते ना मग,” ती म्हणाली, “एवढे दगड होते मेल्याकडे.”

आता ह्यावर काय बोलणार? तेवढ्यात शांघाय आलं.