गच्चीवरची ढोबळी: हिरवी तोडायची की रंग येऊ द्यायचा?

मंडळी, यंदाच्या ढोबळी मिरचीबद्दल रंग चढल्याशिवाय काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आता लिहिते. कॅलिफोर्निया वंडर ही लाल होणारी जात लालभडक झाली आहे आणि ओरोबेल या पिवळ्या जातीची पहिली फळं घरात आली आहेत.

रोपं गणपतीनंतर केली आणि दसऱ्याच्या सुमारास ग्रो बॅगेत लावली. माती, कोकोपीट, शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. पुण्याची थंडी या पिकाला मानवते. दिवसाचं तापमान २५ अंशांच्या आसपास असलं की फूलगळ होत नाही. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावलेत, त्यामुळे बोकड्या, म्हणजे पानं आकसण्याचा रोग, आटोक्यात आहे.

खरी परीक्षा नंतरची असते. फळ पूर्ण आकाराचं, हिरवंगार, तुकतुकीत दिसतं आणि तोडायचा मोह होतो. पण ते अजून कच्चं असतं. झाडावर आणखी दोन-तीन आठवडे राहिलं की देठाजवळच्या खांद्यावर तपकिरी डाग उमटतो. हा रोग नव्हे. आतलं हरितद्रव्य अजून पुरतं गेलेलं नसतं आणि लाल रंगद्रव्य तयार व्हायला लागलेलं असतं, म्हणून काही दिवस फळ चॉकलेटी दिसतं. मग उन्हाच्या बाजूने लाल पट्टे उतरत जातात. पिवळ्या जातीत हा चॉकलेटी टप्पा नाही. ती हिरव्यावरून पोपटी आणि पोपटीवरून पिवळी होते.

एवढं थांबायचं कशासाठी, तर रंगाबरोबर फळातलं सत्त्वही बदलतं. १०० ग्रॅम कच्च्या हिरव्या ढोबळीत साधारण ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, लालमध्ये १२८ च्या आसपास आणि पिवळ्यात १८० च्या वर. प्रौढ पुरुषाची दिवसाची गरज आपल्याकडे ८० मिलिग्रॅम धरतात, म्हणजे मध्यम आकाराच्या लाल मिरचीचा अर्धा भाग पुरतो. अ जीवनसत्त्वाचं गणित निराळं आहे. तिथे लाल मिरची हिरवीपेक्षा आठपटीहून पुढे आहे, आणि पिवळी मात्र मागे पडते, कारण ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते बीटा कॅरोटीन तिच्यात अगदी थोडं. म्हणून एकाच रंगावर भर देण्यापेक्षा लाल आणि पिवळी दोन्ही लावा, असं माझं ठाम मत आहे.

क जीवनसत्त्वाच्या इतिहासातही मिरचीला मानाचं पान आहे. शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना प्राण्यांच्या ग्रंथींमधून हा पदार्थ जेमतेम चिमूटभर मिळत होता. हंगेरीतल्या सेगेदला आल्यावर त्यांनी तिथली लाल मिरची तपासली आणि किलोच्या हिशेबात तो हाती लागला. १९३७ साली त्यांना नोबेल मिळालं.

स्वयंपाकात मी दोन रंगांना दोन तऱ्हेने वापरते. क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं आणि पाण्यात उतरतं, म्हणून पिवळी कच्चीच. बारीक चिरून दही आणि दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर होते. लाल मिरचीतलं कॅरोटीन अंगी लागायला थोडं तेल-तूप लागतं, तेव्हा तिच्यावर हिंग-जिऱ्याची फोडणी ओतते, पण शिजवत नाही. फोड दाताखाली कुरकुरीत लागली पाहिजे. सध्या मटकीची उसळ आणि बाजरीची भाकरी असली की वरून लाल मिरचीच्या कच्च्या फोडी घालतेच. धान्य-कडधान्यातलं लोह शोषून घ्यायला त्याच घासातलं क जीवनसत्त्व मदत करतं. पीठ पेरून केलेली भाजी मलाही प्राणप्रिय आहे, तिच्यासाठी हिरवी फळं आहेतच.

आणि ती हिरवी फळं येतात कुठून, तर विरळणीतून. झाडावर सगळीच फळं पिकायला ठेवली तर नवी फुलं धरत नाहीत. म्हणून दाटीतली काही हिरवी असतानाच काढायची आणि हवा खेळती राहील अशी मोजकी रंगावर ठेवायची. या काळात पाण्यात खंड नको. कधी कोरडं कधी चिंब झालं की कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही आणि बूड काळं पडतं. मार्चचं ऊन तापण्याआधी शेडनेट चढवणार आहे, नाहीतर उघड्या फळांवर पांढरे चट्टे पडतात.

बियांबद्दल काही जणांनी विचारलं होतं. ओरोबेल संकरित आहे, तिचं बी धरून उपयोग नाही. कॅलिफोर्निया वंडरचं धरता येतं, मात्र शेजारी तिखट मिरची फुलत असेल तर फुलावर मलमलीची पिशवी बांधा. परागाने यंदाच्या फळाची चव बदलत नाही, पण तिखटपणाचा गुण प्रभावी असल्याने पुढच्या वर्षीची ढोबळी झणझणीत निघू शकते. मी दोन फांद्यांवर पिशव्या बांधल्या आहेत. बी वाळलं की हवं त्यांना पाठवीन.