३३८ विरुद्ध ७०

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीविषयी वाचताना मी पुन्हा पुन्हा १९६९ सालाशी येऊन थांबतो. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये प्रतिनिधिगृहाने इलेक्टोरल कॉलेज (राज्यवार निवडलेल्या प्रतिनिधींच्या मतांनी अध्यक्ष ठरवण्याची पद्धत) रद्द करून अध्यक्ष थेट जनतेच्या मतांनी निवडण्याची घटनादुरुस्ती ३३८ विरुद्ध ७० मतांनी संमत केली. दोन्ही पक्षांचे बहुसंख्य सदस्य तिच्या बाजूने होते आणि रिपब्लिकन अध्यक्ष निक्सन यांनीही तिला पाठिंबा दिला. आदल्याच वर्षीच्या निवडणुकीत तिसऱ्या पक्षाचे उमेदवार जॉर्ज वॉलेस यांनी दक्षिणेतील पाच राज्ये जिंकली होती, त्यामुळे कोणालाच बहुमत न मिळण्याची भीती सर्वांना सारखीच जाणवली होती. १९७० मध्ये मात्र प्रामुख्याने दक्षिणेकडील आणि काही लहान राज्यांच्या सिनेटरांनी चर्चा लांबवत ठेवून ती दुरुस्ती अडवली, याची मला आजही हळहळ वाटते.

२००० आणि २०१६ मध्ये देशभरात कमी मते मिळालेला उमेदवार अध्यक्ष झाला. दोन्ही वेळा तो रिपब्लिकन असल्याने सुधारणेची मागणी एकाच पक्षाची समजली जाऊ लागली. वास्तविक बहुतेक राज्यांत जिंकणाऱ्यालाच त्या राज्याची सर्व इलेक्टोरल मते मिळतात; त्यामुळे अशा ५३८ पैकी २७० मतांचा पल्ला गाठण्यासाठी उमेदवार मोजक्याच राज्यांत फिरतात, आणि कॅलिफोर्नियातील लाखो रिपब्लिकन मतदारांइतकेच टेक्सासमधील लाखो डेमोक्रॅट मतदारही उपेक्षित राहतात.